कौशल्याबाईंचा डिंक

आमच्या आकुर्डीत बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करून देणाऱ्या कौशल्याबाईंचा देवावर विश्वास असेल, दुकानदारावर मुळीच नाही. पिंपरी कॅम्पाच्या बाजारातून डिंक आणला की एक खडा पाण्यात टाकायच्या. विरघळून पाणी चिकट झालं तर बाभळीचा किंवा धावड्याचा. नुसताच फुगून लिबलिबीत गोळा झाला तर तो कतिरा, सरबतापुरता ठीक. दुसरा खडा तुपात. लाहीसारखा फुलून बोटांत चुरला तर ठीक, नाहीतर पाकीट दुकानदाराच्या तोंडावर.

लेकीचं, स्नेहलचं, दुसरं बाळंतपण महाळुंग्याला सासरी झालं, तेही भर पावसाळ्यात, दिवस भरायच्या आधीच. बाईंनी घाईघाईत लाडू करून पाठवले. काही दिवसांनी मी, त्यांची शेजारीण, त्यांना स्कूटरवरून तिकडे घेऊन गेले. स्नेहल सुकलेली दिसली. बाईंनी तिच्या उशाशी असलेला डबा उघडला, एक लाडू फोडला आणि मला बाहेर ओढलं.

"हे माझे लाडू नाहीत. मी डिंक जाडसर ठेवते, हा पार कुटलेला. माझे लाडू हिच्या सासूनं आपल्या पोराला चारले असणार, आणि लेकीला बाजारचे!"

मला हसू येत होतं, पण बाईंचे डोळे भरले होते. लेकीच्या तोंडचं कुणीतरी काढून घेतंय, एवढंच त्यांना दिसत होतं. आम्ही परत आत येऊन बसल्यावर विहीण जाईबाई चहा घेऊन आल्या, तर त्या कपाकडेही बाई संशयानं बघत बसल्या. शेवटी फुटल्याच.

"माझे लाडू कुठं गेले?"

स्नेहलच बोलली.

"आई, तुझेच आहेत ते. डिंक आतून कच्चा राहिला होता. दाताला चिकटायचा, पोटात दुखायचं. सासूबाईंनी सगळे मोडले, खडे वेचून काढले, नवा डिंक तळून घातला आणि परत वळले."

"तुमाला सांगायचं न्हाई, असं मीच म्हनलं व्हतं," जाईबाई म्हणाल्या. "पावसात डिंकाला ऊन कुठनं मिळनार? सादळलेला कुनाचाबी आतून कच्चा ऱ्हाईल."

जगाचा डिंक तपासणाऱ्या बाईंनी स्वतःचा लाडू चाखून पाहिला नव्हता. स्वतःवर शंका घ्यायची त्यांना सवयच नव्हती. मला त्यांची फार दया आली.

बाईंनी पिशवीतलं डिंकाचं नवं पाकीट काढून विहिणीच्या हातात दिलं.

"तुम्हीच तळा."

जाईबाई स्वयंपाकघरात गेल्या. तुपाचा वास आला, डिंक तडतडला. कौशल्याबाई बघायला उठल्या नाहीत.