नळीवरचं कुंकू

उंटरश्लाइसहाइमच्या ऑफिसात मी मशीन डिझाइन करतो, असा माझ्या सासऱ्यांचा समज आहे. तो मी मोडलेला नाही. खरं म्हणजे मी दिवसभर एक्सेलचे रकाने भरतो आणि मीटिंगमध्ये मान हलवून जर्मनमध्ये ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणतो. रोज सकाळी एस-बानच्या लोकलमध्ये बसलो की राजीनामा द्यावासा वाटायचा. पण इथे कायम राहण्याचं पर्मनंट कार्ड हातात येईपर्यंत नोकरी सोडायची सोय नव्हती. घर, मुलीची शाळा, सगळं त्या कार्डावर टांगलेलं. सोन्याचा का असेना, पिंजराच तो.

अशात आम्ही राहतो त्या गावच्या उन्हाळी फेस्टमध्ये, म्हणजे जत्रेत, तो म्हातारा दिसला. सत्तरीचा, पोट सुटलेला, कमरेला चामड्याचा पट्टा आणि पट्ट्यात रिव्हॉल्व्हर. चार पावलांवर फुगा. बझर वाजला आणि फुगा फुटला. मधलं काही मला दिसलंच नाही. हात खाली होता, मग वर होता, बस. रिकाम्या बाराचा खेळ होता म्हणे, गोळी नाही, फुगा फुटतो तो नुसत्या दारूच्या झोतानं, पण मी तिथून हलेना.

“काय बघतोयस एवढं? फुगाच फुटला ना?” बायको म्हणाली.

तिला काय सांगणार, मला चार ओळींचा मेल पाठवायला दोन दिवस आणि तीन साहेबांची परवानगी लागते.

तो आमच्याच गावातला ब्यूक्सनमाखर निघाला, म्हणजे शिकाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करणारा. पुढच्या गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी काहीतरी फालतू निमित्त काढून त्याच्या दुकानात शिरलो. मग दर गुरुवारी जायला लागलो. पहिले काही आठवडे त्यानं मला नुसतं उभं केलं. एकदा मात्र कानस आणि लोखंडाचा तुकडा हातात दिला. कॉलेजच्या वर्कशॉपनंतर पंधरा वर्षांनी कानस धरली होती. मी घासलेल्या तुकड्यावर त्यानं पट्टी टेकवली, उजेडासमोर धरून फट शोधली आणि म्हणाला, “गुट.” चांगलं! घरी येईपर्यंत तो एक शब्द मी चघळत होतो.

मग खंडेनवमी आली. माझे बाबा पिंपरीला एका कारखान्यात फिटर होते. त्या दिवशी त्यांच्या व्हाइसला, लोखंड घट्ट धरणाऱ्या त्या पकडीला, हळदकुंकू, वर झेंडू, मग पेढे. मी ऑफिसात कशाची पूजा करणार, लॅपटॉपची? गार्डन सेंटरमधून झेंडूची कुंडी आणली, कुंकवाची डबी खिशात टाकली आणि दुकान गाठलं. म्हातारा पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होता. मी मागच्या खोलीत जाऊन व्हाइसला कुंकू लावलं, कानशींना लावलं. हुकाला बंदुकीची एक नळी टांगलेली होती, नव्या भांड्यासारखी लख्ख. तिलाही भक्तिभावानं ओलं बोट टेकवलं.

तो आत आला, नळी बघितली आणि चष्मा काढला.

“आल्झो, हेर इंजिनिअर,” म्हणजे ‘तर मग, इंजिनिअरसाहेब,’ तो शांतपणे म्हणाला, “मी हातमोजे कशासाठी घालतो, असं वाटतं तुम्हाला?”

नळी काळी करायला ठेवलेली होती, मुद्दाम पातळ गंज चढवून, म्हणजे पुढे ती गंजत नाही. आठ दिवस घासून, तेलाचा अंशही न ठेवता. उघडं बोट लागलं की तिथे डाग उठतो. हे मला कळायला नको? मेकॅनिकलची डिग्री आहे माझी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“पुढच्या गुरुवारी या. डाग तुमचा, घासणार तुम्ही.”

चार गुरुवार घासली, हातमोजे घालून. मग त्यानं मला शेजारी उभं करून तिच्यावर गंज चढवला, तिला पाण्यात उकळलं, ब्रश मारला, पुन्हा गंज चढवला. नळी काळीभोर झाली, डाग कुठेही नाही. व्हाइसवरचं कुंकू मात्र त्यानं पुसलं नव्हतं.

त्याच दिवशी तो म्हणाला, “गुडघे गेले माझे. मागे कोणी नाही. शिकायला या, तीन वर्षं लागतील. तुमच्या हातात कसब आहे.”

मी कार्डाचं सांगितलं.

“मग कार्ड आलं की या. वसंतापर्यंत थांबतो.”

बाबांना फोन केला. म्हाताऱ्याचं बोलावणं सांगितलं. ते म्हणाले, “ही कानस तुझ्या हातात येऊ नये म्हणून मी ओव्हरटाइम केला रे.” रागावले नाहीत. लगेच नातीचा खोकला बरा झाला का, ते विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत कार्ड आलं. सरकारी ऑफिसातल्या काउंटरवरच्या बाईंनी अभिनंदन केलं. बाहेर आलो तेव्हा मला अडवणारं कोणीच उरलं नव्हतं, आता ठरवायचं मलाच होतं. गुरुवार होता, म्हणून पाय दुकानाकडे वळले.

म्हाताऱ्यानं दुसरं बेंच रिकामं करून ठेवलं होतं. त्यावर हातमोज्यांचा नवा जोड.

“कार्ड?” त्यानं विचारलं.

“अजून नाही,” मी म्हणालो.

इतक्या झटकन मी आयुष्यात कशाचंच उत्तर दिलं नव्हतं. त्यानं मान हलवली आणि सरकारी ऑफिसवाल्यांना दोन शिव्या घातल्या. मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, कार्ड आतल्या खिशात होतं, आणि हातमोजे चढवले.