लाडीनं ऐकलेली हाळी

सुरुवातीलाच सांगते, भूतखेत, करणी, अंगात येणं यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. मी कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली. स्लाईडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, एवढं साधं माझं गणित. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय. पण इतकी वर्षं डोक्याला नुसता भुंगा लागलाय... कुणाकडे उत्तर असेल तर सांगा बाई एकदाचं.

माझं माहेर मंगळवार पेठेतलं. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, म्हशी होत्या. बाहेरगावच्यांसाठी सांगते – आमच्याकडे संध्याकाळी चौकातल्या दूधकट्ट्यावर म्हशी आणतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध हातात देतात. प्रत्येक गवळ्याची म्हशीला बोलवायची आपापली हाळी असते. आप्पांची हाळी पार पलीकडच्या गल्लीत जायची. "ऑऽऽव लाडेऽऽ... ये गं ये!" आणि लगेच, त्याच दमात, मला हुकूम – "सुमे, चरवी आन गं!" की मी दुधाची पितळी चरवी घेऊन पळत सुटायची. सुमी हे माझं माहेरचं नाव. आई गेल्यावर त्या नावानं हाक मारणारे आप्पा एकटेच उरले. बाकी सगळ्यांना मी माधुरी.

मग आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. म्हशी विकून टाकल्या. राहिली एकटी लाडी, कारण ती भाकड झाली होती, आणि भाकड म्हशीला गिऱ्हाईक कोण येतं ते वेगळं सांगायला नको. तसलं कुणी दारात आलं की आप्पा डाव्या हातानं काठी आपटायचे. शेवटी पेठेतल्या जनावरांना औषधपाणी करणारे जुने डॉक्टर धावून आले. रिटायर झाल्यावर ते मलकापूरच्या पुढं डोंगरात राहायला गेले होते आणि टाकून दिलेली, जखमी जनावरं सांभाळत होते. लाडीला टेम्पोत चढवून ते घेऊन गेले.

इकडे मी रोज ड्युटी सुटली की माहेरी जाऊन आप्पांसमोर बसायची. आप्पा, 'आ' म्हणा. आप्पा, 'सु' म्हणा. हॉस्पिटलात स्पष्ट सांगितलं होतं, वाचा परत येणार नाही. मला ते पटतच नव्हतं. मला पूर्ण वाक्य नको होतं, एक हाक हवी होती. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत बसायचे आणि मी घरी जाऊन भांडी आपटायची.

"त्यांना लाडीला भेटवून आणूया का?" ही आयडिया माझ्या नवऱ्याची, विलासची. त्यात त्याचाही स्वार्थ होता म्हणा. २००० साल उलटून थोडाच काळ झाला होता, त्यानं नुकताच हँडीकॅम घेतला होता, आणि डॉक्टरांच्या त्या आसऱ्यावर हल्ली शहरातले लोक तंबू ठोकून राहतात असं त्यानं ऐकलं होतं. निसर्गाच्या सान्निध्यात म्हणे! दिवाळीनंतरच्या थंडीत, अर्धांगवायूचं माणूस घेऊन, तंबूत! मी चिक्कार भांडले. पण मनात आलं, लाडीला बघून बोलले तर... म्हणून गेले.

मलकापूर सोडून आंबा घाटाच्या बाजूला गेल्यावर डांबरी रस्ता संपतो. पुढं तांबड्या मातीची वाट. जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली. वर एक उघडा माळ, विहीर, शेणानं सारवलेली ओसरी. टांग्याचं एक आंधळं घोडं, तीन पायांचं कुत्रं, आणि माझ्या चपलेला सारखी चोच मारणारा एक मोर. लाईट नाही. संडास पार खाली, करवंदीच्या जाळीमागं. वा रे निसर्ग! आमच्याशिवाय इचलकरंजीचं एक तरुण जोडपं राहायला आलं होतं, ते मात्र सगळ्याचं कौतुक करत हिंडत होतं.

डॉक्टरांच्या बायकोनं, भाभींनी, चुलीवरचा चहा आणून दिला. मी पहिलं विचारलं, लाडी कुठाय?

"लाडी व्हय? ती टेकडीपलीकडं तळ्यात पडल्याली असती," भाभी म्हणाल्या. "कुणाचं ऐकत न्हाय बघा ती. रोज डॉक्टर जाऊन हाकलून आणत्यात."

तेवढ्यात डॉक्टर काठी टेकत माघारी आले. "आज काय उठायचं नाव न्हाय तिचं. उद्या बघू."

"मग आप्पांना तिकडं नेऊया की!"

"चाकाची खुर्ची त्या दगडातनं कशी जाणार, ताई?"

माझं टाळकंच फिरलं. एवढा खटाटोप करून, जीपचे हाल सोसून यायचं, आणि म्हैस तळ्यात लोळत पडलीय म्हणून उद्या बघू? आप्पा टेकडीकडे तोंड करून बसलेले. ऊन कलायला लागलं होतं. बरोबर कट्ट्यावरची वेळ.

आता नीट ऐका. विलास हँडीकॅमनं शूटिंग करत होता. आमचा तंबू एका बाजूनं बसला होता. मी आप्पांच्या खुर्चीला चिकटून उभी होते, माझा डावा हात आप्पांच्या खांद्यावर, आणि मी विलासला ओरडत होते, "अहो, ते बंद करा आणि आधी ही खुंटी ठोका!" आणि एकदम सगळे गप्प झाले. डॉक्टर, भाभी, ते जोडपं, सगळे आप्पांकडे बघायला लागले. कुत्रं भुंकायला लागलं.

"काय झालं? काय बघताय?" मी म्हटलं.

मग टेकडीवरून धाडधाड आवाज आला. लाडी! शेपटी वर करून, चिखलानं माखलेली, अशी पळत आली जशी पाडव्याला सजवलेल्या म्हशी पळवतात तेव्हा आप्पांच्या बुलेटमागं पळायची. कुणाकडे न बघता थेट खुर्चीपाशी येऊन थांबली आणि आप्पांच्या मांडीवर तोंड टेकलं. आप्पांनी डावा हात माझ्याकडे पसरला. मला वाटलं, पाणी हवंय. मी ग्लास दिला. त्यांनी तो रागानं उडवला आणि हात पुन्हा तसाच पसरला.

इचलकरंजीची ती मुलगी जवळ आली. "ताई, तुमचं वडील बोलत न्हाईत म्हणालासा न्हवं?"

"नाहीच बोलत."

"मग एवढी मोठी हाळी कुणी दिली? आणि... सुमी कोण?"

"काय म्हणालीस?"

"ते म्हणालं की, सुमे, चरवी आन गं."

मी ओरडलेच, "मी हात ठेवून उभी होते! मला कसं नाही ऐकू आलं?" भाभी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, मी चुलीपाशी हुते, मला आलं की! तू तर शेजारीच हुतीस!"

लॅबमधली सवय, मी प्रत्येकाला बाजूला घेऊन वेगवेगळं विचारलं. प्रत्येकानं तेच सांगितलं. आधी लाडी, मग सुमी. विलासनं सांगितलं असेल म्हणावं, तर विलास त्यांच्याशी धड बोललाही नव्हता, आणि तो स्वतःच पांढराफटक पडला होता. म्हशीला वास आला असेल? येऊ दे की. पण वासाला सुमी कुठून माहीत?

रात्रभर मी आप्पांच्या हातापाया पडले. "आप्पा, एकदाच. माझ्यासमोर म्हणा की." ते नुसते बघत होते.

घरी आल्यावर कॅसेट लावली. वाऱ्याची घरघर आहे, मोराचं केकाटणं आहे, माझं खुंटीवरून ओरडणं तर खणखणीत आहे. हाळी नाही. पण माझं वाक्य संपतं त्याच क्षणाला पडद्यावरची सगळी माणसं एकदम आप्पांकडे वळतात. आप्पांचे ओठ मिटलेले. न वळलेली एकटी मी... रागानं कॅमेऱ्याकडे बघत उभी. विलास म्हणतो, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. म्हटलं, मग तुमच्या मशीनला काय धाड भरली होती?

मी राजारामपुरीत जाऊन कानही तपासून आले. रिपोर्ट अगदी नॉर्मल. त्या रिपोर्टाचा जेवढा संताप आला तेवढा कधी कशाचा आला नाही. काहीतरी दोष निघाला असता तर निदान झोप तरी लागली असती.

पुढच्या थंडीत आप्पा गेले. शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, निदान मला ऐकू येईल असं तरी. त्यानंतर थोड्याच दिवसांत लाडी गेल्याचा डॉक्टरांचा फोन आला.

लोक मला म्हणतात, तू नशीबवान, केवढा चमत्कार बघितलास. मी काय बघितलं? माझ्यापर्यंत काही पोचलंच नाही. त्या माळावरच्या परक्या माणसांनी माझ्या बापाचा आवाज ऐकला. टेकडीपलीकडची म्हैस ऐकून धावत आली. आणि जिला चरवी आणायला सांगितली होती, ती मी, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते, आणि मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला.