लोरीन, ट्विला आणि हिरवं आभाळ

लोरीन ह्रूबीला अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, तिच्या गावात सगळे हट्टी म्हणत, आणि तोंडावर म्हणत. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवून ती निवृत्त झाली आणि सायकलवर जी बसली ती उतरेचना. दर उन्हाळ्यात तंबू-पथारी मागे बांधायची आणि गावामागून गाव करत राज्य आडवं पार करायची. नवरा एमिल म्हणायचा, "मका बघायला एवढी तंगडतोड कशाला? तो दारातूनही दिसतो!"

त्या जूनमध्ये एमिलची बहीण ट्विला बरोबर होती. नवरा गेल्यापासून ती घरात बसून सुकत चालली होती. लोरीनने तिला ओढूनच बाहेर काढलं होतं.

एका दुपारी वाटेवरच्या एका गावातल्या हॉटेलवालीने कॉफी ओतता ओतता खिडकीबाहेर बोट दाखवलं. "पश्चिमेकडे बघा जरा, वादळ येतंय. आज चर्चच्या तळघरात झोपा."

"थांबू या ना, लोरीन," ट्विला म्हणाली.

"आभाळाला भ्यायचं तर या मुलखात घराबाहेर पडूच नये," लोरीन म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

गाव मागे पडलं आणि वारा एकाएकी पडला. मक्याचं पान हलेना. आभाळ जुन्या मुक्या मारासारखं हिरवट-काळं झालं. दोन्ही बाजूंना नुसतं शेत, घर म्हणून दिसेना. लोरीनला आपण चुकलो हे कळलं. ती नुसतीच पायडल जोरात मारू लागली.

पहिली गार डांबरावर आपटून उडाली. दुसरी ट्विलाच्या हातावर बसली. सायकल सुटली आणि ट्विला खांद्यावर कोसळली. लोरीनने तिला फरफटत रस्त्याखालच्या मोरीत नेलं. वर गारांचा असा मारा सुरू झाला की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना.

"कशाला आणलंस मला?" ट्विला तिच्या कानाशी ओरडली.

तेवढ्यात पायांना गार पाणी लागलं. मोरीतून जाणारा ओढा भरत होता. बघता बघता गुडघे बुडाले.

"बाहेर चल!" लोरीन ओरडली.

"बाहेर मरू!"

"इथं नक्की मरू!"

लोरीनने तिला काठावर ओढलं, पालथी झोपवली आणि स्वतः तिच्यावर आडवी पडली. हेल्मेटवर, पाठीवर, पायांवर गारा दगडांसारख्या पडत होत्या. खालून ट्विलाचं रडणं अंगाला जाणवत होतं. लोरीन दात आवळून पडून राहिली.

मग हॉर्न ऐकू आला. एक म्हातारा शेतकरी पिकअपचं दार उघडून ओरडत होता, "चढा लवकर! त्या हॉटेलवालीने रस्त्यावरच्या प्रत्येक घरी फोन केलाय. दोन बायका सायकलवर दिसल्या का, दिसल्या का! डोकं उठवलंय नुसतं!"

त्याच्या घराच्या तळघरात बसल्यावर वर छप्पर कुरकुरत राहिलं. म्हाताऱ्याच्या बायकोने ट्विलाचा हात टॉवेलने गळ्यात बांधला. लोरीनची पाठ काळीनिळी झाली होती.

"माझं चुकलं," लोरीन म्हणाली. आजवर तिच्या तोंडून हे कुणी ऐकलं नव्हतं.

"आता गप्प बस. दुखतंय मला," ट्विला म्हणाली, पण चांगला हात तिने लोरीनच्या हातातून सोडवून घेतला नाही.

ट्विलाचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. एमिल येऊन दोघींना घेऊन गेला. लोरीनने सायकल गोठ्यात नेऊन टांगली आणि पुढे महिनोन्‌महिने तिच्याकडे पाहिलंही नाही.

वसंतात ट्विला आली. "काढ ती खाली."

"नाही गं. आता नको."

"मी निघालेय. एकटी जाऊ का? मात्र थांबायचं की निघायचं, ते मी ठरवणार."

पुढच्या जूनमध्ये ट्विलाने एका इवल्याशा ढगापायी दोघींना एका खेड्यात दोन दिवस अडकवून ठेवलं. पाण्याचा थेंबही पडला नाही. लोरीन वाचनालयाच्या पायरीवर पत्ते पिसत बसली. अधूनमधून आभाळाकडे बघायची, ओठ आवळायची आणि पुन्हा पत्ते वाटायची.