दहा मिनिटांचं नाटक

इमारतीच्या जिन्याखाली बसणाऱ्या चावीवाल्याला सगळे कासवराव म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. साध्या कपाटाचं कुलूप उघडायला या गृहस्थाला अर्धा तास लागे. तार आत घालायची, घाम नसलेलं कपाळ पुसायचं, कुलूप बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची, मग हळूच चहा मागायचा. याला बोलावलं की तेवढ्यात भाजी निवडून, शिजवून, वाढूनही होते, असं तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सांगत फिरायच्या.

तुरुंगात मात्र याच माणसाचं नाव होतं फुंकर. कुलपावर नुसती फुंकर मारतो, अशी ख्याती. अकरा घरं, दोन पेढ्या आणि वर एका फौजदाराची तिजोरी. सात वर्षांनी सुटला तेव्हा बायको गेलेली, आणि आत्याकडे वाढलेली मुलगी शाळेत शिकवायला लागलेली. तिने बापाला घरात घेतलं ते एका अटीवर. इथे एकाला जरी कळलं, तरी ती त्या दिवशी घर सोडणार. म्हणून हे अर्ध्या तासाचं सोंग. चार वर्षं बिनबोभाट चाललं.

मग एका सकाळी पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई घरात पडल्या. आतून कण्हणं ऐकू येत होतं. एकट्या राहतात म्हणून त्यांनी कासवरावांकडूनच लोखंडी दार आणि भक्कम कुलूप बसवून घेतलेलं. धडका देऊन दोघांचे खांदे सुजले, तेव्हा कासवरावांना बोलावणं गेलं.

तीन श्वासांचं काम. पण गर्दीत मुलगी उभी होती. त्याचा हात आपोआप चुकीच्या तारेकडे गेला. मग कपाळ पुसणं, पुटपुटणं, दुसरी तार. कुणीतरी म्हणालं, "कासवराव, आज तरी जरा पळा." लोक हसलेसुद्धा. त्याने तिसरी तार काढली.

दहा मिनिटांनी कण्हणं थांबलं.

"बाबा, पुरे," मुलगी म्हणाली. "उघडा."

कुणाची पापणी लवायच्या आत दार उघडलं. सगळ्यांनी आधी नर्सबाईंकडे धाव घेतली, आणि मग सावकाश वळून त्याच्याकडे पाहिलं.

बाई वाचल्या, पण वाचा आणि उजवं अंग गेलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या इमारतीने कुलपं बदलली. त्यासाठी पलीकडच्या गल्लीतला चावीवाला आणला. तोही अर्धा तास घेतो, फक्त त्याला तो खरंच लागतो.

घरी मुलगी बॅग भरत होती. सगळ्यांना कळलं म्हणून ना, असं त्याने विचारलं.

"कळलं त्याचं काही नाही. त्या आत तडफडत होत्या आणि तुम्ही माझ्यासाठी थांबलात. हे घेऊन मी इथे कशी राहू?"

ती गेली.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. परगावाहून आलेला नर्सबाईंचा मुलगा व्हरांड्यात भेटला आणि दार उघडून दिल्याबद्दल हात जोडायला लागला. पोलिसांनी पट्ट्याने सोलून काढलं तरी ज्याच्या तोंडून कधी अवाक्षर निघालं नव्हतं, त्याने ते जोडलेले हात धरून खाली केले.

"मी आल्या आल्या उघडू शकत होतो," तो म्हणाला. "दहा मिनिटं मुद्दाम घालवली. का ते सांगतो. मग काय करायचं ते करा."