ब्रेक न मारणारे ग्रेडरभाऊ

ग्रेडरभाऊ पायी चालतानासुद्धा वळणावर झुकायचे. मारेगावच्या बाजारात भाजीची पिशवी घेऊन ते डावीकडे वळले की डावा खांदा खाली जायचा, गुडघा बाहेर निघायचा आणि पिशवीतली वांगी कलंडायची. नव्या माणसाला वाटायचं, यांना कमरेचं काही दुखणं असावं. गावात नव्यानेच आलेल्या एका डॉक्टरांनी त्यांना भर रस्त्यात थांबवून कमरेला पट्टा बांधायचा सल्ला दिला होता. भाऊ म्हणाले, "पट्टा नाही लागत, डॉक्टरसाहेब. वळणाची लाइन बरोबर धरली का कंबर दुखत नाही." डॉक्टर त्यानंतर त्यांच्या वाटेला गेले नाहीत.

आम्ही दोघं कापूस खरेदी केंद्रात नोकरीला होतो. शेतकऱ्याने आणलेला कापूस चिमटीत धरायचा, धागा ओढून बघायचा आणि त्याची प्रत ठरवायची, हे ग्रेडरचं काम. त्यानंतर वजन करायचं, हे काट्यावरच्या माणसाचं, म्हणजे माझं. केंद्रात काटा होता, ग्रेडर होता, साहेबांच्या खुर्चीवर टॉवेलही होता. फक्त कापूस नव्हता. ती वर्षंच तशी होती. खरेदी सुरू करायचा आदेश वरून निघेपर्यंत निम्मा हंगाम उलटून जायचा आणि तोवर रस्त्यापलीकडे बसलेल्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी पडेल त्या भावाने कापूस उचललेला असायचा. केंद्र ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात होतं, त्याच्या आवारात एकेकाळी कापसाच्या घराएवढ्या उंच गंज्या लागत, तिथे आता शेळ्या फिरत. आम्ही दोघं शेळ्यांकडे बघत बसायचो आणि सरकार त्याचा पगार द्यायचं.

त्या रिकाम्या आवाराकडे बघून सगळ्या जिल्ह्याने हळहळ व्यक्त केली. एकट्या ग्रेडरभाऊंना तिथे ट्रॅक दिसला.

त्यांच्याकडे शंभर सीसीची एक जुनी मोटारसायकल होती. दूधवाल्यांकडे आणि तलाठ्यांकडे असते तसली. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं की कोईमतूरजवळ शर्यतींचा खरा ट्रॅक आहे, आणि काही ठरलेल्या दिवशी तिथे साधा माणूसही फी भरून आपली गाडी फिरवू शकतो. हे वाचल्यापासून त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. "हे शर्यत नाही हो," ते मला समजावून सांगायचे. "शर्यतीत कोणी पहिला येते, कोणी शेवटचा येते. इथं कोणीच येत नाही. फक्त गोल फिरायचं अन् समाधान मानायचं. आपल्या जिल्ह्यासाठीच काढलेला खेळ आहे हा."

मग दर रविवारी आवारात ट्रॅक डे भरू लागला. जिथे जिथे पूर्वी गंज्या लागत, तिथे तिथे जुने टायर रचून वळणं तयार झाली आणि वळणांना नावंही गंज्यांचीच पडली. पहिली गंजी, मधली गंजी, आणि ऑफिसच्या कोपऱ्यावरची साहेबगंजी. फिरायला यायचे एक गुरुजी, एक विमा एजंट आणि एक दूधवाला. दूधवाला कॅन काढायला विसरायचा आणि मधल्या गंजीवर दरवेळी सांडायचा. धोक्याचं लाल निशाण भाऊंच्या बायकोच्या, शोभावहिनींच्या, जुन्या पातळाचं होतं. उद्घाटनाला बोलावलेल्या पुढाऱ्याला भाऊंनी हिरवं आणि लाल अशी दोन्ही निशाणं दिली, तर त्याने दोन्ही एकदम हलवली आणि तरुणांनी व्यसनांपासून दूर राहण्यावर तो तासभर बोलला. तेवढ्यात दूध नासलं.

भाऊंची शिकवण एकच होती. ब्रेक मारायचा नाही. "मोठ्या गाडीवाला वेग विकत घेते," ते म्हणायचे. "कान पिळला का झाली गाडी पुढं. आपली लहान गाडी. आपुन वेग कमावतो. मंग कमावलेला वेग वळणावर ब्रेक मारून मातीत कायले घालायचा? झुका, पण थांबू नका. थांबलो का संपलो." त्यात तथ्य होतं, हे मी त्यांच्या मागे बसून अनुभवलं आहे. मागे बसल्यावर मला देवही आठवले आहेत.

हा नियम ते आवाराबाहेरही पाळायचे, हीच अडचण होती. सकाळी कामावर निघताना ते घरासमोरून सावकाश गाडी न्यायचे आणि ओट्यावर उभ्या असलेल्या शोभावहिनी डब्याचा हात पुढे करायच्या. भाऊ चालत्या गाडीवरूनच डबा पकडायचे. "थांबा ना जरा! वरण सांडते!" असं वहिनी रोज ओरडायच्या आणि भाऊ रोज सांडलेल्या वरणाचा डबा आनंदाने खायचे. लग्नात ते सप्तपदीही झुकून चालले होते, असं वहिनींचं म्हणणं होतं. ते खोटं असावं, पण ऐकणारे सगळे विश्वास ठेवायचे.

खऱ्या ट्रॅकवर अंगभर जाड सूट लागतो, हेही त्यांनी वाचलं होतं. तो चामड्याचा असतो हे त्यांनी वाचलं असेल तर मान्य केलं नाही. "कापसाच्या जिल्ह्यातला माणूस चामडं घालून जाईन? लोक काय म्हनतीन?" असं म्हणून त्यांनी स्वतः निवडलेला लांब धाग्याचा कापूस बाजारातल्या गादीवाल्याकडे नेला आणि त्याच्याकडून सूट शिवून घेतला. त्यावर टाके पडले ते रजईचे आणि कापड मिळालं ते मोठ्या जांभळ्या फुलांचं. मे महिन्यात तो सूट घालून ते आवारात फिरायचे तेव्हा आमच्याच अंगातून घाम निघायचा. पण एकदा ते साहेबगंजीवर घसरून पार भिंतीपर्यंत गेले आणि कपडे झटकत उठले. "पाहा," ते म्हणाले, "अजून कोणी म्हनते कापसात फायदा नाही."

त्या काळात आमच्याकडे पाहणी पथकं फार यायची. शेती का बिघडली, हे बघायला जीपमधून यायची, चहा घ्यायची आणि जायची. एक पथक नेमकं रविवारी आलं. टायर, निशाणं आणि फुलाफुलांच्या रजईतला माणूस बघून मुख्य साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? भाऊ क्षणभरही न थांबता म्हणाले, "पर्यायी पीक घेऊन राह्यलो, साहेब." साहेबांनी मान डोलावली आणि पाणी किती लागतं ते विचारलं.

पण या सगळ्या थट्टेखाली भाऊंच्या मनात एक गोष्ट अगदी खरी होती. त्यांना एकदा, निदान एकदा तरी, कोईमतूरच्या ट्रॅकवर गाडी झुकवायची होती. "आपल्या इथल्या रुईच्या गाठी कोईमतूरच्या गिरण्याईत जात होत्या," ते म्हणायचे. "माह्या हातानं पास केलेला कापूस तिथं जाऊन आला. मीच काहून नाही गेलो?" हे म्हणताना ते हसायचे नाहीत.

शेवटी तो योग आला. गोदामात पडून असलेल्या जुन्या गाठी कोईमतूरला पाठवायचं ठरलं. ट्रक अन्वरभाईचा होता. भाऊंनी रजा मंजूर करून घेतली, ट्रॅकची फी भरली, आणि मोटारसायकल केबिनला टेकवून सगळ्यात आधी चढवली. तिच्याभोवती आणि वरून गाठी रचल्या. कपड्यांची बॅगही त्यातच कुठे तरी गेली. भाऊ सूट घालूनच केबिनमध्ये बसणार होते, कारण तो कुठल्याच बॅगेत मावत नव्हता.

आणि नेमका निघायच्या आदल्या संध्याकाळी खरेदी सुरू करायचा आदेश आला. इतकी वर्षं उशिरा येणारा आदेश त्या वर्षी वेळेवर येऊन पोचला. उजाडेपर्यंत बैलबंड्या आणि ट्रॅक्टरची रांग फाटकापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत लागली. ग्रेडरशिवाय खरेदी होत नाही. साहेब म्हणाले, बदली ग्रेडर मागवलाय, येईलच. आमच्या खात्यात 'येईलच'चा अर्थ लहान मुलांनाही ठाऊक होता. रस्त्यापलीकडे व्यापाऱ्यांची माणसं आपला काटा मांडून निवांत चहा पीत बसली होती. केंद्र बंद राहिलं की ही रांग वळून त्यांच्याकडेच जाणार होती.

भाऊंची रजा मंजूर होती. त्यांना कोणी अडवलं नाही, अडवायचा कोणाला हक्कही नव्हता. ते माझ्याकडे न बघता केबिनमध्ये चढले आणि ट्रक सावकाश फाटकाबाहेर निघाला. रांगेत पुढेच कोलामांच्या पोडावरची, म्हणजे पाड्यावरची, एक म्हातारी बंडीला टेकून उभी होती. भाऊंची चालत्या गाडीवरून डबा घ्यायची सवय साऱ्या तालुक्याला माहीत होती, तशी तिलाही होती. तिने आपल्या बंडीतला मूठभर कापूस काढला आणि केबिनच्या खिडकीकडे हात उंच केला. "भाऊ, थांबू नको. चालता चालताच पाहून सांग, कसा हाये ते. मंग मी त्या पलीकडच्याईले बरोबर भाव मांगतो."

भाऊंनी सवयीने हात बाहेर काढून तो कापूस पकडला. सवयीनेच धागा ओढला. मी फाटकाशी उभा होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

"अन्वरभाई," ते म्हणाले, "ब्रेक मार."

अन्वरभाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं. भाऊ खाली उतरले. गाठी उतरवून गाडी काढायला अर्धा दिवस गेला असता, म्हणून ते म्हणाले, "जाऊ दे तिले. निदान ती तरी पाहून येईन." ट्रक गेला. त्यासोबत कपडेही गेले. तो सगळा दिवस ग्रेडरभाऊंनी जांभळ्या फुलांच्या रजईत उभं राहून एकेक बंडी पाहिली. हा नवा सरकारी गणवेश आहे की काय, असं दोघातिघांनी मला काट्यावर येऊन विचारलं. मी हो म्हणालो. पलीकडच्या लोकांनी संध्याकाळी आपला काटा उचलून नेला.

अन्वरभाई ट्रक आणि गाडी घेऊन परत आला. भाऊंनी आधी गाडीवरची धूळ पुसली. मग हळूच म्हणाले, "आत नेली होती का?"

"नेली ना भाऊ! एक चक्कर मारला. काय झुकली तुमची गाडी!"

"सूटशिवाय सोडलं तुले?"

"यवतमाळची गाडी म्हटल्यावर कोन अडवते?"

भाऊ खाली बसले आणि त्यांनी मागच्या टायरवरून बोट फिरवलं. गाडी खरोखर झुकली की टायरची कड घासते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. अन्वरभाईला ते माहीत नव्हतं. घरून निघताना भाऊंनी हौसेने नवा टायर घातला होता आणि त्याच्या दोन्ही कडांवरची रबराची कोवळी लव जशीच्या तशी होती. भाऊंनी ती पाहिली, मीही पाहिली. "हाव," ते म्हणाले, "चांगली झुकली दिसते." आणि त्यांनी अन्वरभाईला चहा पाजला.

आवारात पुन्हा गंज्या लागल्या आणि ट्रॅक कापसाखाली गेला. नंतरही अधूनमधून मंदी आली, पण रविवार पुन्हा भरला नाही. भाऊ गंज्यांमधून झुकत झुकत चालत राहिले आणि तसेच निवृत्त झाले. कोईमतूरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी काढलं तर ते अन्वरभाईच्या त्या चकराचं वर्णन मला सांगायचे, प्रत्येक वेळी एखादं वळण वाढवून.

ते गेले त्या दिवशी आम्ही तिरडी खांद्यावर घेऊन निघालो. आमच्याकडे वाटेत तिरडी खाली ठेवून विसावा देतात. ती जागा जिनिंगच्या फाटकासमोरच आहे. तिथे पोचल्यावर कोणी तरी म्हणालं, थांबा, खाली ठेवा. एवढ्यात मागून शोभावहिनींचा आवाज आला. ज्या बाईने जन्मभर रोज सकाळी 'थांबा ना जरा' म्हटलं होतं, ती रडत रडत म्हणाली, "नका थांबवू त्याईले. या फाटकासमोर ते एकडाव थांबले, तेवढं पुरे झालं."

आम्ही थांबलो नाही. पुढे रस्ता डावीकडे वळतो. त्या वळणावर पुढचे आम्ही दोघं, गुरुजी आणि मी, डाव्या खांद्यावर झुकलो, आणि मागे बघितलं तर दूधवाला आणि अन्वरभाईही झुकले होते.