कुंकू लागलेली पिन

माझ्या हातचं काम पुन्हा उघडावं लागत नाही, असं मी त्या काळी चारचौघांत सांगत असे. कुणी विचारलं नसलं तरी सांगत असे. सोलापुरात तुळजापूर नाक्याजवळ आमचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक लेथ आणि पुढे मोकळी जागा. मालक उस्ताद. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, आणि तिशीला टेकेपर्यंत जड गाड्यांचं पुढचं काम, म्हणजे स्टेअरिंग आणि पुढच्या चाकांचे सांधे, सगळं माझ्याकडे आलं होतं. त्यामुळे डोकं जरा वरच असायचं.

तो ट्रक अक्कलकोटकडच्या एका शेतकऱ्याचा होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली जुनी गाडी, मुळातच उंच. त्यात अण्णांनी ओढ्यातून आणि काळ्या रानातून जायला सोपं पडावं म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये आणखी पानं घालून ती हातभर वर उचलली होती. दिसायला झकास, पण स्टेअरिंगचे दांडे तिरके पडले आणि सांध्यांवर भलताच ताण यायला लागला. वर दुष्काळाची दोन वर्षं तिने खडी वाहिली. माझ्याकडे आली तेव्हा स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. अण्णा म्हणाले, "मिस्त्री, गाडी मी चालवत न्हाय, तीच मला नेती." दसऱ्याला घरच्या सगळ्यांना घेऊन तुळजापूरला जायचं होतं. तोवर करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

आठ दिवस मी त्या ट्रकाखाली होतो. पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या खिळी झिजून लंबगोल झाल्या होत्या, त्या नव्या घातल्या. गनमेटलचे बुश उस्तादांनी लेथवर कातून दिले, मी ते रीमरने केसाकेसाने मोकळे केले. स्टेअरिंगचा डबा उघडून पत्र्या घालून घट्ट केला. शेवटी राहिला तो ड्रॅगलिंक, म्हणजे स्टेअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारा लांब दांडा. त्याच्या टोकाला गोळ्याचा सांधा असतो, त्यावर नट, आणि नटाच्या खाचेतून व सांध्याच्या भोकातून आरपार एक दोन पायांची पिन घालून पाय मुडपायचे. पिन असली की नट जन्मात सुटत नाही. पिन नसली तर खड्ड्याखड्ड्याला तो फिरत खाली येतो, आणि एकदा का दांडा सुटला की स्टेअरिंग हातात राहतं आणि चाकं आपल्या मनाने जातात.

खंडेनवमीच्या दुपारी मी त्या नटापाशी आलो. नट आवळला तर खाच आणि भोक जुळेना. म्हणून नट काढला, एक वॉशर घातला आणि नट नुसता बोटांनी चढवला. तेवढ्यात उस्तादांची हाक आली. पूजेची वेळ झाली होती. हत्यारांची पूजा आमच्याकडे दरसाल व्हायची. उस्ताद नमाजी माणूस, पण हत्यारांपुढे नारळ त्यांच्याच हातचा. एकदा हत्यारं मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी पान्याला हात लावायचा नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता. लंगडी गाडी पुजायची नाही. गॅरेजात गाडी जॅकवर आहे म्हणजे काम बाकी आहे, हे कुणालाही न विचारता कळायचं. पण पूजेपुरती प्रत्येक गाडी चारी चाकांवर उभी करायची, कितीही अर्धवट असली तरी. मी ट्रक खाली उतरवला. उस्तादांनी नेहमीसारखं विचारलं, "सब हुआ ना रे?"

आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो. त्यांनी विचारलं याचाच मला राग आला. शेजारचे दोघेतिघे उभे होते, त्यांच्यासमोर हे कशाला विचारायचं? "झालंय सगळं," मी म्हणालो. मनात होतं, सकाळी हत्यारं उचलली की आधी नट आवळायचा, पिन घालायची, दोन मिनिटांचं काम. पाना आणि पिन मीच पूजेत नेऊन ठेवली. उस्तादांनी ट्रकाला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली.

दसऱ्याला सकाळी मी गॅरेजात पोचलो तर ट्रकाची जागा रिकामी. चिरडलेली लिंबं तेवढी पडलेली.

"गाडी कुठाय?"

"ले गये ना अण्णा, घरवालों को लेके आये थे. पौना घंटा हुआ. चाबी मैंच दिया," उस्ताद म्हणाले. "चारों पैये जमीन पे थे, पूजा हुई थी. तूच बोला ना, सब हुआ?"

मी आत धावलो. पूजेत पाहिलं तर पाना तिथेच, आणि त्याच्याशेजारी ती पिन, हळद-कुंकू लावलेली. मी दोन्ही उचललं. नारळ घरंगळत लेथखाली गेला. उस्तादांनी पिनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या पंक्चरवाल्याची मोटारसायकल त्यांनीच पळत जाऊन आणली.

रस्ता सरळ आणि सपाट होता, पण तुळजापूरच्या अलीकडे घाट आहे. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. नटाला आटे किती, एका खड्ड्याला तो किती फिरेल, हाच हिशेब. समोर दिसणारा प्रत्येक खड्डा ट्रकाने आधीच खाल्लेला असायचा. तामलवाडीला चहाच्या टपरीवर विचारलं. "हार घातलेला उंच ट्रक व्हय? मागं लई बायका-पोरं हुती. आत्ताच गेला की." ते ऐकून मला रडू यायला लागलं होतं. चालत्या गाडीवर डोळे पुसत मी गेलो.

घाटाच्या पायथ्याला ट्रक उभा दिसला. पाणी उकळलं म्हणून अण्णांनी थांबवला होता. बॉनेट उघडं, मागे पोरं ओरडताहेत, अण्णांची आई रस्त्याकडेच्या दगडावर बसलेली. तिला सगळे अव्वा म्हणत. मी मोटारसायकल आडवी टाकली आणि कुणाशी न बोलता ट्रकाखाली शिरलो.

नट शेवटच्या आट्यावर होता. बोट लावलं तर हातात आला. सांध्याचा दांडा निमुळत्या भोकात नुसता चिकटून बसला होता, एवढंच. मी तसाच पाठीवर पडून राहिलो. डोक्यावर त्या पोरांचे पाय ट्रकाच्या फळ्यांवर धबधब वाजत होते. मग नट पुन्हा आट्यावर धरला.

"मिस्त्री, हितं कसं काय हो?" अण्णा वाकून विचारत होते. "काय झालं?"

"काही नाही. ग्रीस बघायला आलो," मी म्हणालो. नट आवळला. या वेळी खाच आणि भोक बरोबर जुळलं. मग पिन घ्यायला हात बाहेर काढला. ती मी मघाशी खिशातून काढून रुमालावर ठेवली होती. पण रुमाल अव्वांच्या हातात होता.

"ह्याला हळद-कुंकू कसं?" त्यांनी विचारलं.

घरात नांगराची, विळ्याची पूजा करणारी बाई ती. कुंकू लागलेली वस्तू कालपासून पूजेत होती, म्हणजे ती गाडीत नव्हती, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मी ट्रकाखालून बाहेर आलो आणि सगळं सांगितलं. नट बोटांनी चढवला होता तेही, आणि उस्तादांना काय म्हणालो तेही. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. मग ते एकदम माझ्या अंगावर धावले, "पोरं हायती माझी आत! पोरं!"

अव्वांनी त्यांना कानडीत दोन शब्द सुनावले. ते थांबले. अव्वांनी पिन माझ्या हातावर ठेवली. "घाल," म्हणाल्या.

मी घातली, पाय मुडपले, पान्याने ठोकून पाहिलं. बाहेर येऊन म्हणालो, "आता पक्कं आहे, अव्वा. बसा."

"पक्कं हाय न्हवं? मग तूच चालव की." आणि त्या पुढे, माझ्या शेजारच्या सीटवर चढून बसल्या. "पोरं मागंच बसतील. चल."

मी नको म्हणून पाहिलं. मोटारसायकल आहे, ओळख नाही या गाडीची, काहीबाही बोललो. त्या समोर रस्त्याकडे बघत राहिल्या. अण्णांनी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, बॉनेट लावलं आणि ते मोटारसायकलवर बसले.

तो घाट फार मोठा नाही. पण मी तेवढा लांब रस्ता पुन्हा कधी चालवला नाही. प्रत्येक वळणाला स्टेअरिंग फिरवायचं आणि चाकं वळताहेत का ते बघायचं. वळत होती, लगेच वळत होती, इतकं सुरेख स्टेअरिंग त्या गाडीला ती नवी असतानाही नसेल. मागे पोरं गाणी म्हणत होती. एरवी मी केवढ्या ताठ्याने अण्णांना ते दाखवलं असतं. घामाने हात सटकत होते. अव्वा एकदाही माझ्याकडे वळल्या नाहीत, फक्त वळण आलं की त्यांचा हात दरवाजाची कडी धरायचा. तेवढं मला दिसत होतं.

वर पोचून मी गाडी बंद केली आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पदर सारखा केला, हळूच खाली उतरल्या, आणि म्हणाल्या, "तुझ्याजवळच ठेव. उतरताना बी तूच चालवायचं."

मग ती सगळी माणसं दर्शनाला गेली, आणि मी पुन्हा ट्रकाखाली शिरलो, माझ्या हातचं काम उघडून बघायला.