एक कुपी लस आणि नळाचं पाणी

त्या सकाळच्या पाच ओळी माझ्या वहीत आहेत. खुराडं झाडून राख टाकणे. पाण्याची भांडी काढून घेणे. कोंबड्या दोन तास तहानलेल्या ठेवणे. लस स्वच्छ पाण्यात कालवणे. दोन तासांनी उरलेली ओतून देणे. पाचही ओळींपुढं बरोबरची खूण आहे. चूक चौथ्या ओळीत आहे.

वरच्या वस्तीवर मानमोडी आली होती. या रोगात कोंबडी आधी पंख पाडून कोपऱ्यात बसते, मग तिची मान पिळवटते, आणि मग खुराडंच रिकामं होतं. आमच्या घरामागं चौदा कोंबड्या होत्या. पंधरावी शेजारणीची होती, काळी, खुडूक झालेली. तिच्या अंगणात आडोसा नव्हता, म्हणून तिनं ती अर्धलीनं माझ्याकडं बसवली होती. अंडी माझी, कोंबडी तिची, पिल्लं निम्मी निम्मी. घरामागच्या पडवीत, डालग्याखाली, अकरा अंड्यांवर तिचा बारावा दिवस चालू होता. अर्धलीची कोंबडी मेली तर भरपाई कुणी मागत नाही, पण त्या घरी पुन्हा कोंबडी देत नाहीत.

नळदुर्गच्या जनावरांच्या दवाखान्यातून थर्मासात बर्फ घालून मी लस आणली होती. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं की ही लस जिवंत असते, तिला ऊन चालत नाही आणि औषध टाकलेलं पाणीही चालत नाही. मी घाईघाईत वहीत लिहिलं, ‘स्वच्छ पाण्यात’. आमच्या घरात स्वच्छ पाणी म्हणजे नळाचं. विहिरीचं पाणी मी कितीतरी वर्षांपासून माठात पडू दिलेलं नाही. त्यावरून सासूबाईंशी माझे खटके उडालेले आहेत.

कोंबड्या पाण्यावर तुटून पडल्या. शेजारीण तिच्या सहा कोंबड्यांसाठी तांब्याभर लसीचं पाणी घेऊन गेली. तासाभरानं तांब्या परत द्यायला आली, तेव्हा म्हणाली की आज नळाच्या पाण्याला लई वास मारतोय, चहासुद्धा पिववंना.

सासूबाई ज्वारी निवडत होत्या. सुपातून मान वर न काढता म्हणाल्या, “टाकीत पावडर टाकली आसंल. किडं मरायला टाकत्यात ती.”

जिवंत लस मी किडे मारायच्या पाण्यात कालवली होती. कुपी एकच होती आणि ती सगळी ओतून झाली होती. मी शेजारणीला तिथंच सांगितलं की लस वाया गेली, तुझ्या कोंबड्यांचीसुद्धा.

तिनं तांब्या खाली ठेवला. “वैनी, तुमच्या वहीत हुतं न्हवं?” एवढंच बोलली आणि गेली.

दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. जळकोटच्या फाट्यावर जीप मिळाली. थर्मासातला बर्फ विरघळला होता, म्हणून रसवंतीवाल्याकडून नवा घेतला. दुसरी कुपी घेऊन परत आले, तर तांबडी कोंबडी पंख पाडून भिंतीला टेकली होती. तिला उचलून गोठ्यापलीकडं पाटीखाली झाकली आणि हात साबणानं धुतले. सासूबाईंनी तोवर विहिरीची घागर भरून ठेवली होती. कोंबड्यांची पाण्याची भांडीही काढून घेतली होती.

तेरा कोंबड्या प्यायल्या. शेजारणीच्या कोंबड्यांसाठीचा तांब्या मीच पोचवला. काळी मात्र उठेना. बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते, आणि ती सकाळीच उठली होती. कालवलेली लस दोन तासच टिकते. मी ताटलीत पाणी घेऊन डालग्याजवळ बसले. हात पुढं केला की ती फुगायची, टोचायची. जबरदस्तीनं उचलली तर अंडी फुटतील किंवा ती बसणंच सोडून देईल. घड्याळ बघत दीड तास गेला.

तेवढ्यात शेजारीण आली. तिनं डालगं बाजूला सारलं, पोटाखाली अलगद हात घातला आणि काळीला काखेत घेतलं. तिच्या हाताला कोंबडीनं टोचलं नाही. चोच ताटलीत बुडवली. एकदा, दोनदा, पाचदा. मग तिला परत अंड्यांवर ठेवलं.

लस अंगात मुरायला काही दिवस लागतात. ते दिवस मी रोज पहाटे खुराड्याची फळी काढताना आधी आत कान द्यायची. तांबडी तिसऱ्या दिवशी गेली, पाठोपाठ आणखी दोन. शेजारणीचं एक तलंग, अजून अंड्यावर न आलेलं, गेलं. ते तिनं मला सांगितलं नाही, सासूबाईंकडून कळलं.

एकविसाव्या दिवशी काळीखाली नऊ पिल्लं निघाली. मोठी झाल्यावर वाटणी करायला शेजारीण आली, तेव्हा मी पाच तिच्या पाटीत घातली. तिनं एक काढून माझ्या हातावर ठेवलं आणि काळीला काखेला मारलं.

दारातून वळून म्हणाली, “पुढच्या बारीलाबी हितंच बसवू. पाणी मातर मी आणीन.”